‘सरकारमान्य’ फार्मसी टेक्निशियन कोर्सला माझे 48 हजार गेले

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, लाज वाटत होती खरं तर. पण बारावीचे निकाल लागले की असल्या क्लासवाल्यांचे फोन परत सुरू होतात, म्हणून लिहितेय.

माझी बारावी आर्ट्सची. मेडिकलमध्ये काम करायचं डोक्यात होतं आणि नेमका तेव्हाच फोन आला, एक वर्षाचा फार्मसी टेक्निशियन डिप्लोमा, कुठलीही बारावी चालते, सरकारमान्य आहे, नोकरी शंभर टक्के आणि पुढं स्वतःचं मेडिकलपण टाकता येतं. आईला घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी लॅमिनेट केलेला एक कागद पुढं ठेवला, वर अशोकस्तंभ, भारत सरकार, खाली लांबलचक नंबर. आई म्हणाली, सरकारचा शिक्का आहे मग काय बघायचं.

तो कागद उद्यम रजिस्ट्रेशनचा होता हो! ते पिठाच्या गिरणीवाल्यालापण मिळतं, ऑनलाइन आणि फुकटात. म्हणजे धंद्याची नोंद सरकारकडे आहे एवढंच, कोर्सला मान्यता आहे असं त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. मॅडम खोटं बोलल्या असंही धड म्हणता येत नाही, बोट फक्त बरोबर जागी ठेवलं होतं त्यांनी.

क्लास तसा भरायचा. ओडी म्हणजे दिवसातनं एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, हे सगळं अजून पाठ आहे. प्रॅक्टिकल म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या रिकाम्या स्ट्रिपा, त्यावरची नावं वाचायची आणि एक्सपायरी शोधायची, सगळ्याच एक्सपायर झालेल्या. शिकवणारा मुलगा चांगला होता बिचारा, त्याचाही पगार थकवला होता.

कोर्स संपला आणि शंभर टक्के नोकरी म्हणजे त्यांनी मला चार मेडिकलचे नंबर दिले. पहिल्याच ठिकाणी काउंटरवरच्या काकांनी सर्टिफिकेट उलटंसुलटं करून बघितलं, त्यावर नऊ लोगो होते, आयएसओचापण होता. म्हणाले, “पोरी, यात फार्मसी कौन्सिलचं नाव कुठंय?” आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेलं स्वतःचं रजिस्ट्रेशन दाखवलं.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. आपल्याकडे फार्मासिस्ट व्हायचं तर कमीत कमी डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा लागतो. दोन वर्षं, शिवाय 500 तासांचं ट्रेनिंग, आणि बारावी सायन्सच पाहिजे, फिजिक्स केमिस्ट्री आणि सोबत बायो नाहीतर मॅथ्स. कॉलेजला पीसीआयची, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता हवी, आणि पास झाल्यावर राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नाव लागलं की मगच रजिस्टर्ड फार्मासिस्ट. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध द्यायचं काम त्याचंच आहे. माझ्यासारखीला हेल्परचं काम मिळतं, रॅक लावणं, माल उतरवणं, बिलिंग, आणि त्याला कुठला डिप्लोमा लागतच नाही, काका म्हणाले तसंही ठेवलं असतं तुला. हे ऐकून जास्त रडू आलं.

घरी येऊन पीसीआयच्या वेबसाइटवर मान्य कॉलेजांची यादी उघडली. आपल्याकडे महाराष्ट्रात डी.फार्मची परीक्षा एमएसबीटीई, म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ घेतं, तिकडंही शोधलं. आमच्या क्लासचं नाव कुठंच नाही. दहा मिनिटांचं काम होतं, वर्षभर आधी केलं असतं तर!

पैसे मागायला गेले तर मॅडम म्हणाल्या पावती वाचा. पावतीवर ‘कौशल्य सेवा शुल्क, परत मिळणार नाही’. फार्मसी हा शब्दच नाही. म्हणजे भरतानाच ठरलेलं होतं त्यांचं. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार केलीय, नंबर मिळालाय, पुढं काही हललं नाही अजून.

आणि हो, ॲडमिशनच्या वेळी व्हेरिफिकेशनसाठी म्हणून ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली होती. ओरिजिनल कुणालाही देऊन येऊ नका, झेरॉक्स द्या, फार तर समोर बसून दाखवा आणि परत पिशवीत टाका. तक्रार केली म्हटल्यावर माझी मार्कशीट अचानक सापडेनाशी झाली. शेवटी मामा सकाळी दहाला जाऊन त्यांच्या ऑफिसात बसला, नवीन ॲडमिशनवाली जी जी मुलं आली त्यांना शांतपणे सांगत राहिला की मी भाचीची मार्कशीट न्यायला आलोय, वर्षभर अडकलीय इथं. साडेअकराला मिळाली.