कॅसल खरा, तारीख खरी, इसार मात्र भलत्याच खात्यात

माझ्या मामेबहिणीचं लग्न आयर्लंडमधल्या एका जुन्या कॅसलमध्ये ठरवता ठरवता मामाचे आणि तिचे मिळून साडेअकरा हजार युरो एका वेडिंग प्लॅनरने गिळले. कॅसलचं नाव देत नाही, कारण त्यांचा यात काडीचाही दोष नाही. त्या माणसाचंही देत नाही. तक्रार पोलिसांकडे आहे. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळायला हवी. खोटी वेबसाइट, खोटा फोन नंबर असला नेहमीचा प्रकार यात नव्हता. आपण जे जे तपासायला जाऊ ते ते खरं निघेल, अशीच त्याने मांडणी केली होती.

मुलगी पुण्याची, नोकरीला डब्लिनमध्ये, मुलगा गॉलवेचा. दोन्हीकडची माणसं एका छपराखाली राहतील, सकाळी अंतरपाट आणि संध्याकाळी आयरिश पद्धतीची मेजवानी होईल, म्हणून कॅसलची कल्पना निघाली. प्लॅनर भेटला तो डब्लिनमधल्या एका दिवाळीच्या कार्यक्रमात. मराठी बोलणारा, वागायला अदबशीर. मामाशी व्हिडिओ कॉलवर पहिलं वाक्य, "काका, तुम्ही फक्त अक्षता टाकायला या, बाकी माझ्यावर सोडा." मामा तिथेच निम्मा विरघळला.

बोलण्यात मोठमोठी नावं असायची. बेकहॅमचं लग्न १९९९ मध्ये डब्लिनजवळच्या लट्रेल्सटाउन कॅसलमध्ये झालं, पॉल मॅकार्टनीचं २००२ मध्ये मॉनाहनच्या कॅसल लेस्लीमध्ये. हे दोन्ही खरं आहे. त्याच दमात "आपला कॅसल ब्रायन बोरूने बांधलेला" हेही तो सांगायचा. आयर्लंडचा हा जुना राजा १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला आणि आयर्लंडमध्ये दगडी कॅसल उभे राहिले ते ११६९ नंतर नॉर्मन आल्यावर. पण लग्नघरात इतिहासाची उलटतपासणी कोण करतं?

मग त्याने कॅसल दाखवला. मला मामाचा फोन आला, "अगं, तू तिथेच आहेस ना, जाऊन डोळ्यांनी बघून ये." मी आणि बहीण गेलो. दारात तो उभा, सुटाबुटात. आतल्या माणसाने त्याला नावाने हाक मारली, खिडकीजवळच्या राखून ठेवलेल्या टेबलापाशी नेलं. चहा, सँडविच, स्कोन. नंतर त्याने आम्हाला दिवाणखाना, बाग, जिना असं सगळं फिरवून दाखवलं. पुढे कळलं की अशा बऱ्याच कॅसल हॉटेलांत दुपारचा चहा बाहेरच्या कुणालाही मिळतो, आधी टेबल राखलं की झालं. टेबल त्याच्या नावावर होतं, म्हणून त्याचं नाव त्यांना माहीत होतं. त्याचा तिथे एवढाच संबंध.

खरी मेख तारखेत होती. एप्रिलचा शेवटचा शनिवार धरला होता. मामाने मला सांगितलं, कॅसलला थेट विचार. मी त्यांच्याच वेबसाइटवरचा नंबर काढून फोन केला. तिकडून उत्तर आलं की हो, ती तारीख या नावाने धरून ठेवली आहे. झालं, सगळे निर्धास्त. कॅसलवाल्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. लग्नाच्या जागा विचारणा करणाऱ्याला काही दिवस तारीख फुकट धरून देतात. तेवढ्यात करार झाला नाही आणि इसार आला नाही तर ती आपोआप सुटते. याला 'प्रोव्हिजनल होल्ड' म्हणतात. त्याने तो घेतला होता आणि नेमक्या त्याच दिवसांत आम्हाला "आता तपासा" म्हणाला होता.

पैसे मात्र कॅसलच्या खात्यात नव्हे, त्याच्या धंद्याच्या खात्यात भरायचे होते. का, तर थेट गिऱ्हाइकाला कॅसल महाग दर लावतो, प्लॅनरला घाऊक दर मिळतो. व्यवसायाच्या नावाची नोंदणी केल्याचा सरकारी दाखलाही त्याने पाठवला, आणि तो खराच होता. पण आयर्लंडमध्ये स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्या नावाने धंदा करायचा असेल तर ते नाव नोंदवावंच लागतं. थोडी फी भरली की कुणालाही नोंदवता येतं. त्या कागदाने कंपनी होत नाही, भांडवल सिद्ध होत नाही, काहीच होत नाही. ट्रॅव्हल एजंटला इथे परवाना लागतो, ग्राहकांच्या पैशांसाठी तारण ठेवावं लागतं. वेडिंग प्लॅनर व्हायला असं काही लागत नाही.

मामाने पुण्याहून बँकेतून स्विफ्टने, म्हणजे परदेशी बँकांत पैसे पाठवायच्या व्यवस्थेने, रक्कम पाठवली. तिथे खात्याचं नाव जुळतं का हे कुणी पाहिलं नाही. बहिणीने डब्लिनहून दुसरा हप्ता भरताना बँकेच्या अॅपने नाव जुळत नसल्याचा इशारा दिला. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ही जुळणी दाखवावीच लागते. त्याचं उत्तर तयार, "खातं माझ्या वैयक्तिक नावावर आहे, धंद्याचं नाव वेगळं आहे, म्हणून तसं दिसतं." ऐकायला पटण्यासारखंच होतं.

वर पाहुण्यांच्या व्हिसासाठी कॅसलच्या लेटरहेडवर निमंत्रणपत्रं, माणशी पंच्याहत्तर युरो. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे पुण्याच्या पाहुण्यांना आयर्लंडचाच व्हिसा काढावा लागतो, एवढं त्याने बरोबर सांगितलं. पण निमंत्रणाचं पत्र नवरा-नवरीने स्वतः लिहिलं तरी चालतं, कॅसलचं लागत नाही. आणि ते लेटरहेड बनावट होतं. आमच्या नशिबाने तोवर एकाचाही अर्ज गेला नव्हता. व्हिसाच्या अर्जाला खोटा कागद जोडलेला सापडला तर नुसता नकार मिळून सुटका होत नाही, पुढच्या अर्जांनाही तो डाग चिकटतो. साठीच्या आत्या-काकांना आपण अडकलोय हे कळलंही नसतं.

बिंग फुटलं ते मुलाच्या आईमुळे. तिने जानेवारीत सहज विचारलं, "रजिस्ट्रारची वेळ घेतली का?" बहीण म्हणाली, नोटिशीचं सगळं प्लॅनर बघतोय. ती बाई चमकलीच. आयर्लंडमध्ये लग्नाआधी किमान तीन महिने रजिस्ट्रारला नोटीस द्यावी लागते, आणि त्यासाठी दोघांना पासपोर्ट, जन्मदाखले घेऊन स्वतः हजर राहावं लागतं. दोनशे युरो फी आहे. आपल्या वतीने तिसऱ्या कुणी जाऊन उरकायचं हे काम नाही. पुढे जो फॉर्म मिळतो तो लग्नाच्या दिवशी लग्न लावणाऱ्याच्या हाती द्यावा लागतो. तो नसेल तर लग्नाला कायद्याने काही अर्थ नाही.

दोघं गेले. रजिस्ट्रारने तारीख बघून विचारलं, शनिवार कसा? सरकारी रजिस्ट्रार सोमवार ते शुक्रवारच लग्नं लावतात. शनिवारी लावायचं तर ह्यूमनिस्ट (धर्माशिवाय लग्न लावणाऱ्या संस्थेचा) किंवा एखाद्या धर्मसंस्थेचा माणूस लागतो, आणि त्याचं नाव लग्न लावणाऱ्यांच्या सरकारी यादीत असावं लागतं. ही यादी कुणालाही पाहता येते. प्लॅनरने सांगितलं होतं की रजिस्ट्रार शनिवारी कॅसलवर येईल, आणि "भटजींचीच सही कायदेशीर धरतात". ते भटजी यादीत नव्हते. ते लंडनमध्ये राहत होते आणि त्यांना या लग्नाची खबरही नव्हती.

तिथल्याच बाकावर बसून बहिणीने कॅसलला फोन लावला. या वेळी तिने तारखेबद्दल नाही, पैशांबद्दल विचारलं. उत्तर आलं की होल्ड कधीच सुटला, ती तारीख दुसऱ्या जोडप्याने करार करून घेतली. इसार त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. हॉलमध्ये होम करायला परवानगी असल्याचंही त्याने मामाला सांगितलं होतं. त्या बाई जवळजवळ हसल्या. शेकडो वर्षांची वास्तू, लाकडी छत, कायद्याने संरक्षित. आत उघडी आग पेटवू देणार कोण?

त्यानंतर तो फोन उचलेना. मग "आईला बरं नाही, भारतात आहे." मग नंबरच बंद.

गार्डा, म्हणजे आयरिश पोलिसांच्या स्टेशनात तक्रार नोंदवली, भारतात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मामाने. बँकेने रक्कम परत मागवायचा प्रयत्न केला, खातं रिकामं निघालं. खात्यातून खात्यात पाठवलेल्या पैशांना कार्डासारखं चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याची सोय, नसतं. पहिला हप्ता क्रेडिट कार्डाने भरू का, असं बहिणीने विचारलं होतं तेव्हा त्याने मशीन बिघडल्याचं सांगितलं होतं, ते का हे आता कळतं. छोट्या दाव्यांची सोपी वाट दोन हजार युरोंपर्यंतच. त्यापुढे पंधरा हजारांपर्यंत डिस्ट्रिक्ट कोर्ट, पण नोटीस बजावायला माणसाचा पत्ता तर हवा.

लग्न झालं, गॉलवेच्या रजिस्ट्रारकडे एका बुधवारी, आणि मग पुण्यात कार्यालयात. मामा अजून त्या पैशांचा विषय काढू देत नाही.

गेल्या महिन्यात त्या माणसाच्या चेहऱ्याची, वेगळ्या नावाची जाहिरात एका ओळखीच्या मुलीने मला पाठवली. फोटो दुसऱ्या कॅसलचा. तिच्याही हातात 'तारीख धरली आहे' असा कॅसलचा अस्सल ई-मेल होता. मी तिला एवढंच सांगितलं की कॅसलला फोन कर आणि तीन गोष्टी विचार: करार कुणाच्या नावाने आहे, इसार तुमच्या खात्यात जमा झाला का, आणि होल्ड कोणत्या तारखेला संपतो. होल्ड त्याच शुक्रवारी संपत होता, आणि तिला पैसे गुरुवारी भरायला सांगितलं होतं.