मराठी मेन्यूसाठी बूटस्ट्रॅप ५.३ चा नॅवबार

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष निर्यातदाराची साइट असो की पंचवटीतल्या लॉजचं बुकिंग, वरचा आडवा मेन्यू मराठीत करायचा असेल तर बूटस्ट्रॅपचा (वेबसाइट बांधायच्या तयार सीएसएस-जावास्क्रिप्ट संचाचा; सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा) नॅवबार जरूर वापरा. फुकट आहे, फोनवर तीन रेघांच्या बटणात गुंडाळला जातो आणि कीबोर्डवरूनही चालतो. मात्र त्याची मापं इंग्रजी शब्दांवर बेतलेली आहेत. जसाच्या तसा लावला तर मराठीत बिघडतो, आणि तेही ठरावीक ठिकाणीच.

सगळ्यात आधी रुंदी. 'नॅवबार-एक्स्पांड-एलजी' क्लास (रूप ठरवण्यासाठी घटकाला लावायचं नाव) लावला की ९९२ पिक्सेलपासून मेन्यू आडवा पसरतो. पण त्या मापाला 'कंटेनर', म्हणजे मजकूर धरणारी चौकट, ९६० चाच असतो. दोन्हीकडचं १२-१२ पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी कड) वजा जाता हातात ९३६ उरतात. त्यात संस्थेचं लांबलचक नाव, मग 'मुख्य पान', 'आमच्याविषयी', 'द्राक्ष वाण', 'शेतकरी नोंदणी', 'निर्यात परवाने', 'बाजारभाव', 'संपर्क'. जागा अपुरी पडली की फ्लेक्स (घटक एका ओळीत मांडायची सीएसएसची पद्धत) प्रत्येक दुवा आक्रसतो: 'शेतकरी' वर, 'नोंदणी' खाली, आणि पट्टी उंच होऊन बसते. यावर फॉन्ट बारीक करणं हा उपाय नव्हे, उन्हात फोन धरून वाचणाऱ्याचे हाल होतात. 'नॅवबार-एक्स्पांड-एक्सएल' लावा. मग मेन्यू १२०० ला पसरतो, तिथे कंटेनर ११४० चा असतो. शिवाय दुव्यांना 'व्हाइट-स्पेस: नोरॅप' द्या, म्हणजे शब्द खालच्या ओळीत जात नाहीत.

अक्षरांचं दुखणं वेगळं. काही तयार थीममध्ये मेन्यूला एक पिक्सेल लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) दिलेलं असतं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडू शकतात. ते शून्य करा. लाइन-हाइट (ओळीची उंची) मूळची १.५ आहे, तीच ठेवा. ती १ वर आणली आणि सोबत 'ओव्हरफ्लो: हिडन' (चौकटीबाहेरचं लपवणं) असलं, तर 'संपर्क'चा रफार आणि 'मुख्य'चा उकार कापला जातो. बूटस्ट्रॅपच्या फॉन्ट यादीत खास देवनागरी फॉन्टचं नावच नाही, त्यामुळे प्रत्येक मशीन आपापला फॉन्ट लावतं आणि शब्दांची रुंदी बदलते. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी स्वतः लोड करा, मगच रुंदी मोजा.

रंग बदलण्याची सोय या नॅवबारची खरी जमेची बाजू. ५.२ पासून पॅडिंग, दुव्याचा रंग, होव्हरचा (माउस नेल्यावरचा) रंग, चालू पानाचा रंग असं सगळं सीएसएस व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या आणि बदलता येणाऱ्या किमतींत, आहे. पण ती व्हेरिएबलं 'रूट'वर (अख्ख्या पानाच्या मूळ घटकावर) लिहिली तर काहीच बदलत नाही, कारण 'नॅवबार' क्लास स्वतःवर तीच पुन्हा ठरवतो. 'नॅवबार'वरच लिहा, आणि तुमची फाइल बूटस्ट्रॅपच्या नंतर जोडा. 'इम्पॉर्टंट'ची (नियम सक्तीने लादणाऱ्या शब्दाची) गरजच पडत नाही. पट्टी गडद जांभळी केली की तीन रेघांचं चिन्ह दिसेनासं होतं, कारण ते एसव्हीजी (एक प्रकारचं चित्र) आहे आणि त्याचा रंग आतच पक्का आहे. नॅवबारला 'डेटा-बीएस-थीम' डार्क द्या. त्याने ड्रॉपडाउनही (दुव्याखाली उघडणारा उपमेन्यू) काळा होतो. तो पांढराच हवा असेल तर त्याच्यावर वेगळं 'लाइट' लिहा.

उजव्या टोकाचा ड्रॉपडाउन स्क्रीनबाहेर जातो, ही नेहमीची तक्रार. नॅवबारच्या आत त्याची जागा पॉपर (उघडणाऱ्या पेट्यांची जागा ठरवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) ठरवत नाही, साध्या सीएसएसने ठरते. शेवटच्या ड्रॉपडाउनला 'ड्रॉपडाउन-मेन्यू-एंड' लावलं की काम होतं. बटण दाबूनही मेन्यू उघडत नसेल तर आधी जुना कोड तपासा: चौथ्या आवृत्तीतलं 'डेटा-टॉगल' पाचवीत 'डेटा-बीएस-टॉगल' झालं आहे.

फोनवर 'स्टिकी-टॉप' आणि लांब मेन्यू एकत्र आले की खालचे दुवे हाती लागत नाहीत. पट्टी जागेवर चिकटलेली असल्याने पान सरकवून उपयोग नसतो. 'नॅवबार-नॅव-स्क्रोल' लावा, मेन्यू स्क्रीनच्या ७५ टक्के उंचीत राहून आतल्या आत सरकतो. बाजूने येणारा ऑफकॅनव्हास दिसायला अधिक नीट, पण त्याची मूळ रुंदी ४०० पिक्सेल आहे. ३६० च्या फोनवर तो अख्खी स्क्रीन झाकतो. २८० पुरे.

उणिवाही आहेत. ड्रॉपडाउन माउस नेल्यावर नव्हे, क्लिकवरच उघडतो. टचस्क्रीनच्या दृष्टीने ते योग्यच. तिसरी पातळी मात्र मिळत नाही, म्हणजे 'वाण', त्यात 'काळी द्राक्षं', त्यात 'शरद सीडलेस' असा मेन्यू यात बसणार नाही. चालू पान ठळक करण्याचं कामही तुमच्याच टेम्प्लेटने करायचं.

आणि फक्त मेन्यूपुरता अख्खा बूटस्ट्रॅप लोड करू नका. त्याची मिनिफाय केलेली (मोकळ्या जागा काढून लहान केलेली) सीएसएस फाइलच कॉम्प्रेस न करता २०० केबीच्या वर आहे. चार दुव्यांची साधी पट्टी फ्लेक्सच्या वीसेक ओळींत होते.