जांभळी नाक्यावरची शेवळं

पहिल्या पावसानंतर ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आदिवासी बायका शेवळं (रानसुरणाचे कोवळे फुलोरे, पावसाळी रानभाजी) घेऊन बसतात. यंदाची जुडी मस्त मिळाली, जांभळट, टणक, मिटलेली. उमललेली घेऊच नका. मावशींनी न मागता सोबत काकडं (आंबट रानफळं) दिली आणि एक शेवळ सोलून दाखवलं: आतल्या दांड्याचा खालचा पिवळा, दाणेदार भाग खाजरा, तो काढून टाकायचा. हे फार आवडलं, कारण कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे कच्चं शेवळ घशाला भयंकर खाजतं, जीभही सुजते. काकडांच्या आंबट रसात भरपूर शिजवली, सोडे (सुकवलेली सोललेली कोळंबी) घातले; अजिबात खाजली नाहीत. चव जवळपास मटणाची! जुडी महाग वाटेल, तरी घासाघीस करू नका. सकाळी लवकर जा.