अ‍ॅडव्हान्स घेऊन काम की काम संपल्यावर बिल?

मी सांगलीत घरून कॅड म्हणजे कंप्युटरवरच्या ड्रॉइंगची कामं करतो, बहुतेक कुपवाड नि मिरज एमआयडीसीतली, पैसे घ्यायचे दोन्ही प्रकार करून झालेत म्हणून लिहितोय.

शेवटी बिल द्यायचं म्हटलं की पार्टी लगेच हो म्हणते, नवीन माणसाला काम पटकन मिळतं, पण मग "साहेब बाहेरगावी गेलेत, सोमवारी बघू" सुरू होतं, माझं एक बिल असंच पाच महिने अडकलं आणि फाईल आधीच देऊन बसलेलो त्यामुळं हातात काहीच नव्हतं. कायदा आहे बरं का आपल्या बाजूनं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होतं, काम घ्यायच्या आधीच करून ठेवा, मग 2006 च्या एमएसएमईडी म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या कायद्यानं लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, पण केली की ती पार्टी परत काम देत नाही.

अ‍ॅडव्हान्समध्ये मी 40 टक्के आधी घेतो, 40 पीडीएफ दाखवल्यावर, उरलेले जमा झाले की मगच मूळ कॅड फाईल. दोन-तीन गिऱ्हाईकं यामुळं गेली, पण राहिलेल्यांकडं एकदाही चकरा माराव्या लागल्या नाहीत, पोरांच्या फीला उसने घ्यावे लागले नाहीत.

जुन्या ओळखीच्या दोघांना अजून बिलावर देतो, बिलावर उद्यम नंबर आणि तारीख टाकूनच. नवीन पार्टीला अ‍ॅडव्हान्सशिवाय पेन्सिलसुद्धा उचलत नाही.