दुबईत व्हिसा संपलाय: माफीची वाट बघायची, एजंट गाठायचा की वकिलात?

खारेगावात माझ्या ताईकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात मुलाची कागदपत्रं असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही तो डबा उघडला, तेव्हा पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स सापडली, शेवटच्या पानाची नव्हती. आईवडिलांची नावं आणि पत्ता त्या शेवटच्या पानावर असतो. पासपोर्ट हाताशी नसलेल्या माणसाची ओळख पटवताना तेच पान उपयोगी पडतं. भाच्याचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला होता. पोरगा गेला होता व्हिजिट व्हिसावर. "तिकडे पोचला की वर्क परमिट करून देतो," असं सांगणारा एजंट स्टेशनजवळच्या एका गाळ्यात बसायचा. तो गाळा पुढे बंद झाला.

कळवा, दिवा, ऐरोली, तुर्भे या भागांतून वेल्डिंग-फिटिंगच्या कामाला आखातात गेलेली पोरं कमी नाहीत. त्यांच्यातल्या कोणाच्या घरी आज हाच घोर लागला असेल, तर आम्ही तिन्ही वाटा चाचपून पाहिल्या आहेत, म्हणून लिहितो.

पहिली वाट म्हणजे लपून राहायचं आणि माफीची, म्हणजे मुदतीबाहेर राहिलेल्यांचा दंड तिकडचं सरकार सोडून देईल याची, वाट बघायची. ती सोपी वाटते, कारण आज काहीच करावं लागत नाही. अमिरातीत २०१८ मध्ये माफी आली, करोनाच्या वर्षी सवलत मिळाली आणि मग थेट १ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा माफी सुरू झाली. ती आधी दोन महिन्यांची होती, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. दंड माफ झाला, आणि परत जाणाऱ्यावर पुन्हा येण्याची बंदीही घातली नाही. माझा भाचा त्याच माफीत सुटून आला. तरीही थांबा असं मी कोणालाच सांगणार नाही. पुढची माफी कधी येईल हे कोणाच्याच हातात नसतं, आणि मुदत संपल्यापासून दिवसाला ५० दिरहॅम चढत राहतात. वर्षाचे १८,२५० दिरहॅम झाले, म्हणजे आपले चार लाखांच्या वर. त्यात २०२४ मध्येच कायदा कडक झाला. परमिट नसलेला माणूस कामावर ठेवला तर मालकाला एक लाखापासून दहा लाख दिरहॅमपर्यंत दंड. त्यामुळे सुटी कामंही मिळेनाशी होतात, आणि जो देतो तो अर्ध्या पगारात राबवतो.

माफी जाहीर व्हायच्या महिनाभर आधी ग्राइंडरची डिस्क फुटून त्याचा तळहात कापला. हॉस्पिटलात ओळखपत्र मागतील या भीतीने तो गेलाच नाही. त्याने फोटो पाठवला, तो ताई बोटांनी मोठा करकरून बघत होती. जखमेवर बनियनची पट्टी होती, तिच्या कडेने हळद दिसत होती. त्याच्या दोन बोटांची पकड अजून पूर्ण आलेली नाही. थांबण्याची किंमत मोजताना दंडाशेजारी हेही मांडा.

एजंटच्या वाटेवर फार शब्द घालवत नाही. "इमिग्रेशनमध्ये आपला माणूस आहे, दंड काढून टाकतो," असं सांगून एकाने आमच्याकडून चाळीस हजार घेतले आणि मोबाइलवर शिक्का असलेला एक कागद पाठवला. तो कुठल्याच काउंटरवर चालला नाही. परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर तपासता येतो, आणि त्याचं सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. तिकडून सोडवून आणायचा असा काही परवानाच नसतो.

तिसरी वाट वकिलातीची. तिथे गेलो की पकडून देतील, ही भीती आमच्या भाच्याला आठ महिने होती. वकिलात आपल्या माणसांसाठीच असते, तिकडच्या पोलिसांसाठी नाही. अमिरातीतून ८००४६३४२ हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत नंबर चोवीस तास लागतो. इकडून घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकता येते. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. खरोखर अडचणीत असलेल्याला त्यातून तिकीट मिळू शकतं. बेकायदा राहिल्यामुळे अटकेत असलेल्याचा छोटा दंडही भरला जाऊ शकतो, पण चूक कामगाराची नाही असं दिसलं तर. म्हणून मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज, पगाराचे आकडे, कामाच्या जागेचे फोटो यांतलं काहीही डिलीट करू नका.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांत घोळ इथेच होतो. आउटपास म्हणजे माफी नव्हे. तो फक्त भारतात एकदा परत येण्यापुरता प्रवासाचा कागद आहे. त्याने दंड उतरत नाही आणि केसही मिटत नाही. मुलाच्या नावावर तिकडे बँकेचं कर्ज थकलं असेल, चेक बाउन्स झाला असेल किंवा मालकाने फरार म्हणून नोंद केली असेल, तर आधी ते सोडवायला हवं, नाहीतर विमानतळावरूनच परत फिरवतील. अशा माणसाने वकिलातीला पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगावं आणि स्थानिक वकील कसा मिळेल तेही विचारावं.

ही वाट संथ आहे, हे मान्य. पासपोर्ट नसेल तर ओळख पटवायला वेळ जातो. चौकशीसाठी इकडच्या पोलीस ठाण्यातून माणूस आला तर घाबरू नका, ते काम पुढे सरकल्याचं लक्षण आहे. पण इथे गेलेला प्रत्येक आठवडा कशात गेला ते कळतं. लपण्यात गेलेला आठवडा फक्त साडेतीनशे दिरहॅम वाढवतो.

कर्ज नाही, केस नाही, मुदत संपून थोडेच दिवस झालेत, असं असेल तर मी म्हणेन, दंडाचा आकडा अधिकृत काउंटरवर विचारून घ्या, जमत असेल तर भरा आणि या. जमत नसेल तर तोच आकडा घेऊन वकिलातीत जा. मुलगा सौदीत असेल तर हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. तिथे इकामा (राहण्याचा परवाना), कफील (परवाना ज्याच्या नावावर असतो तो मालक) आणि हुरूबची (कामगार पळाला अशी मालकाने केलेली) नोंद, सगळंच वेगळं, आणि मुदत संपूनही राहिल्यास कैदेचीही तरतूद आहे. तिथल्या वकिलातीशीच बोला.

आणि फोन करायच्या आधी डबा उघडून शेवटच्या पानाची झेरॉक्स आहे का ते बघा.