लूव्रची 'रांग टाळा' तिकिटं : ॲप बरेच महिने वापरल्यानंतर

मेहुण्याच्या लूव्रच्या तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत, हे परवा नक्की झालं, म्हणून लिहायला बसलो. १५ डिसेंबर २०२५ ला पॅरिसच्या लूव्र म्युझियमच्या कर्मचाऱ्यांचा संप होता आणि त्या सोमवारी म्युझियम उघडलंच नाही. मेहुण्यासाठी मी 'रांग टाळा' तिकिटं विकणाऱ्या एका ॲपवरून अकराचा स्लॉट, म्हणजे आत जायची ठरलेली वेळ, घेतला होता. ॲपवाल्यांचं म्हणणं असं, की आम्ही तिकीट नाही, 'प्रवेश-साहाय्य' विकतो. आमचा माणूस ठरल्या जागी छत्री घेऊन उभा होता, म्हणजे सेवा दिली गेली. महिनाभर मेल पाठवून डोकं उठल्यावर त्यांनी सहा महिन्यांत वापरायचं क्रेडिट देऊ केलं. ठाण्याचा माणूस सहा महिन्यांत पुन्हा पॅरिसला कशाला जाईल? ऑफिसातल्या एकाने त्याच दिवसाचं तिकीट थेट लूव्रच्या साइटवरून काढलं होतं. त्याचे पैसे न मागता कार्डावर परत आले.

ॲपचं नाव लिहीत नाही. अशी डझनभर आहेत आणि शोधायला गेलं की म्युझियमच्या आधी तीच दिसतात. आमच्या घरात परदेशी जाणाऱ्यांची तिकिटं काढायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे आई-बाबा, आत्या, मेहुणा अशा सगळ्यांचा अनुभव माझ्या डोक्यावर जमा झालाय.

माझा खरा राग त्या छत्रीवर आहे. आई-बाबांसाठी 'रांग टाळा' म्हणून घेतलं, तेव्हा लूव्रचं तिकीट २२ युरोचं होतं आणि यांनी जवळजवळ दुप्पट घेतले. त्या बदल्यात काय, तर नारिंगी छत्रीवाला माणूस म्युझियमबाहेरच्या कॅरूसेलच्या कमानीपाशी भेटणार आणि आत नेणार. स्लॉटच्या अर्धा तास आधी यायचं, म्हणजे आई-बाबा त्याच्याही वीस मिनिटं आधी. बाबा गडकरीला नाटक असलं की तिसऱ्या घंटेच्या कितीतरी आधी खुर्चीत बसलेले असतात, त्यांना काय सांगणार! पण छत्रीखालची सगळी मंडळी जमल्याशिवाय छत्री हलत नाही. कुठलंसं एक कुटुंब मेट्रोत चुकलं होतं, त्यांच्यासाठी सगळे उन्हात ताटकळले. शेवटी छत्री निघाली ती सरळ पिरॅमिडसमोर, त्याच वेळेचं साधं तिकीट घेतलेल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. छत्री ज्याच्या हातात, त्याने स्वतःच्या डोक्यावर तरी धरली. आमच्या आईला तीही नाही.

मग कळलं, की हे टाळतात ती रांग तिकीट खिडकीची, आणि वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढलं की त्या खिडकीशी आपला संबंधच येत नाही. सुरक्षा तपासणी, बॅगा एक्स-रे मशीनमध्ये घालणं, हे कुणालाच चुकत नाही. आणि मोनालिसासमोरची गर्दी तर आतल्या दालनात, तिथे कुठलंच तिकीट चालत नाही. ७७ बाय ५३ सेंटिमीटरच्या चित्रासाठी एवढी रेटारेटी, आणि त्याच दालनात समोरच्या भिंतीवर इटालियन चित्रकार व्हेरोनेझेचं 'काना येथील विवाह', जवळजवळ दहा मीटर रुंद, त्याच्याकडे सगळ्यांची पाठ. बाबांनी मोनालिसाचा नाद सोडला आणि तेच पाहत बसले. त्यात वाढपी किती, हे त्यांनी मला फोनवर सांगितलं.

हे आई-बाबांच्या वेळीच लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता. पण आत्याच्या वेळी हेच ॲप कामी आलं, तेही सांगायला हवं. तिचं तिकीट काढायला गेलो तर लूव्रच्या साइटवर तिच्या तिन्ही दिवसांचे स्लॉट संपलेले, आणि ॲपवर मिळत होते. नाइलाजाने घेतलं. या वेळी छत्रीवाली एक शहाणी मुलगी होती. आत्याचे गुडघे पाहून तिने तिला खालच्या माहिती कक्षाशी नेऊन व्हीलचेअर मिळवून दिली. ती तिथे सगळ्यांना फुकट मिळते, ओळखपत्र ठेवावं लागतं, पण आत्याला इंग्रजीतून विचारायला कोण शिकवणार? घरी आल्यावर आत्या त्या मुलीचंच कौतुक करत होती, चित्रांचं कमी. पैसे वसूल, असं मीही तेव्हा म्हणालो. म्हणूनच मेहुण्याचं बिनदिक्कत तिथून काढलं.

त्यात आणखी एक उघडकीला आलं. भाचा चौदा वर्षांचा. लूव्रमध्ये अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट, त्यांचा फक्त स्लॉट घ्यावा लागतो. ॲपने त्याचे मोठ्या माणसाइतके पैसे घेतले होते. हे विचारलं तर उत्तर तेच, साहाय्याचे पैसे, वयाचा संबंध नाही. चौदा वर्षांच्या मुलाला छत्रीच्या मागे चालायला साहाय्य!

१४ जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या लोकांना लूव्रचं तिकीट ३२ युरो झालंय, युरो शंभराच्या वर आहे, आणि त्यावर यांचं कमिशन. चौघांच्या घराला हिशेब करून बघा. स्लॉट उरलेच नसतील आणि सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल, तरच हे ॲप उघडा. एरवी लूव्रच्या साइटवरून, तारखा ठरल्या की लगेच. मंगळवारी बंद असतं, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी बघा. बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, संध्याकाळचा स्लॉट घ्या, टूर कंपन्यांच्या बस तोवर परतलेल्या असतात. पॅलेस रॉयल मेट्रो स्टेशनवरून जमिनीखालूनच म्युझियमच्या कॅरूसेल नावाच्या भुयारी दाराशी जाता येतं, उन्हात नाही, पावसात नाही. पॅरिस म्युझियम पास (एकाच पासावर बरीच म्युझियमं) असला तरी लूव्रचा स्लॉट वेगळा घ्यावाच लागतो, हे पासच्या जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

साइटवर पैसे भरताना कार्ड अडकलं तर लगेच ॲपकडे पळू नका, मी पहिल्यांदा त्याच घाईत पळालो होतो. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बहुधा बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा तिकिटाएवढीच ठेवा, आणि तिकीट मेलवर आलं की पुन्हा बंद करून टाका.