मॅनिक मायनरचा 'विक्रमवीर' आणि आमचे बुडालेले पैसे

ऐंशीच्या दशकातल्या होम काँप्युटरवरच्या गेम्सचे स्कोअर जमवणारी, जुन्या कॅसेटी आणि मशीन विकत घेणारी मंडळी आपल्याकडे थोडी आहेत, पण आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. एका गृहस्थाने आमच्या ओळखीतल्या पाच-सहा जणांना व्यवस्थित टोपी घातली आहे आणि तो थांबलेला नाही. परवाच नागपूरच्या एकाला तसाच मेसेज आला, नंबर नवा, भाषा तीच. त्याचं नाव देत नाही. तक्रार दाखल आहे, आणि आम्हाला सांगितलेलं नाव खरं असेल असंही वाटत नाही. पद्धत मात्र तपशिलात सांगतो.

ज्यांना हे वेड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा होम काँप्युटर इंग्लंडमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आला. भारतात १९८६ मध्ये डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' आणला आणि काही मराठी घरांत टीव्हीशेजारी तो जाऊन बसला. गेम कॅसेटवर यायचा. टेप चालू केली की पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर पट्टे, मग बारीक निळे-पिवळे पट्टे, आणि चार-पाच मिनिटं कानठळ्या. एवढं सोसून शेवटी 'टेप लोडिंग एरर' आली की स्क्रू ड्रायव्हर घेऊन टेपचं हेड पिळत बसायचं. तरीही त्या गेम्सचे स्कोअर आम्ही वहीत लिहून ठेवले. पुढे अशीच वही ठेवणारे आणखी काही जण भेटले, कुणी पुण्याचे, कुणी ठाण्याचे, एक मूळचा साताऱ्याचा पण आता इंग्लंडात रेडिंगला. मग सगळ्यांची मिळून एक यादी झाली. ती मी सांभाळतो. भारतातला टीव्ही ब्रिटिशांसारखाच पॅल, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारा, त्यामुळे आपल्याकडचा स्कोअर आणि तिकडचा स्कोअर एका तराजूत तोलता येतो. तेवढं एक समाधान.

पुराव्याचा नियम पूर्वापार होता तोच. पडद्याचा फोटो. ऐंशीच्या दशकात ॲक्टिव्हिजन ही गेम बनवणारी कंपनी टीव्हीच्या पडद्याचा फोटो पाठवणाऱ्याला कापडी बिल्ला पाठवायची, आणि ब्रिटिश मासिकं वाचकांनी पोस्टाने कळवलेले स्कोअर छापायची. विश्वासावर चालायचं सगळं. तो विश्वास किती पोकळ असू शकतो हे टॉड रॉजर्सच्या प्रकरणात दिसलं. अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम मशिनवरच्या 'ड्रॅगस्टर'मध्ये ५.५१ सेकंदांचा त्यांचा विक्रम कित्येक वर्षं मिरवला गेला. नंतर गेमचा कोडच उलगडून पाहिला तेव्हा ५.५७ पेक्षा कमी वेळ निघेचना. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलेक्सीज या विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेने त्यांचे सगळे विक्रम काढून टाकले. तिथे पैशाचा प्रश्न नव्हता, मानाचा होता. आमच्या माणसाने मान आधी कमावला आणि मग तो वटवला.

तो आला तोच 'मॅनिक मायनर'चा स्कोअर घेऊन. मॅथ्यू स्मिथचा १९८३ चा गेम, वीस गुहा, एकेक चावी गोळा करत मायनर विलीला बाहेर काढायचं, आणि हवा संपायच्या आत. विसावी गुहा पार झाली की पुन्हा पहिलीपासून. या माणसाचा स्कोअर आमच्या पहिल्या क्रमांकाच्या जवळजवळ दुप्पट. बरोबर नम्र चार ओळी: "सर, तुमच्या यादीमुळे बालपण परत मिळालं. मी फक्त ओरिजिनल मशिनवर खेळतो. एम्युलेटरवरचे स्कोअर मला पटत नाहीत." वाक्य ऐकायला किती छान! आमच्यातले निम्मे लोक एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या काँप्युटरवर जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळतात. सगळे जरा वरमलेच.

एम्युलेटरवर खेळलं की आरझेडएक्स नावाची फाइल बनवता येते. तुम्ही कोणत्या क्षणी कोणती कळ दाबली ते सगळं तिच्यात राहतं आणि दुसऱ्याला तो डाव जसाच्या तसा पाहता येतो. ती मी मागितली तर उत्तर तयार होतं, ओरिजिनल मशिनवर ती कशी होणार? व्हिडिओ मागितला तर "जुना टीव्ही मोबाइलमध्ये लकलक करतो, काही दिसत नाही." दोन्ही उत्तरं तांत्रिकदृष्ट्या बरोबर. म्हणून म्हणतो, हा माणूस अडाणी नव्हता. त्याने अभ्यास केला होता, फक्त वरवरचा.

काही आठवड्यांत तो सगळ्यांचा 'गुरू' झाला. लोक त्याला कळा कुठल्या दाबायच्या विचारू लागले. आणि मग एकेकाला वेगळा मेसेज गेला. मुलाकडे कॅनडाला जातोय, घर आवरतोय, ज्या मशिनवर विक्रम केला तो रबरी कळांचा ४८के (४८ किलोबाइट मेमरीचा) स्पेक्ट्रम खोक्यासकट आहे, बग-बाइट या कंपनीने काढलेली मॅनिक मायनरची पहिली कॅसेट आहे, शिवाय मल्टिफेस. (लाल बटण दाबून चालू गेम थांबवायचा आणि आत हवे ते बदल करायचे, असं ते मल्टिफेस. 'शुद्ध' खेळणाऱ्याकडे ते कशाला, हा प्रश्न तेव्हा कुणाच्याच तोंडून निघाला नाही.) सगळं मिळून २२ हजार. निम्मे आधी, निम्मे माल मिळाल्यावर. मेसेजच्या शेवटी प्रत्येकाला एकच ओळ: "ग्रुपवर बोलू नका साहेब, बाकीचे रुसतील. तुमच्यासाठीच ठेवलंय."

मी ११ हजार यूपीआयने पाठवले. कुरिअरच्या पावतीचा फोटो आला. मग विमा आणि पॅकिंगचे २,४०० मागितले, 'पोचल्यावर परत मिळतील' अशा बोलीवर. ते मी दिले नाहीत तेव्हा भाषा जराशी बदलली. पावतीवरचा नंबर टाकून पाहिला तर ते पार्सल भलत्याच गावी, भलत्याच माणसाला कधीच पोचलेलं. ठाण्याच्या मित्राची गत आणखी वाईट. त्याने व्यवहार रद्द करतो म्हटल्यावर याने 'रिफंड'साठी क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे जमा व्हायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायला. त्याचे आणखी आठ हजार गेले. त्यानंतर फोन बंद.

पोलिसांकडे द्यायला म्हणून सगळे फोटो एकत्र केले तेव्हा रेडिंगच्या मित्राने विक्रमाचा फोटो मोठा करून पाहिला आणि रात्री मला फोन केला. "अरे, हाय स्कोअर बघ." फोटोत विली विसाव्या गुहेत, 'द फायनल बॅरियर'मध्ये जिवंत उभा आहे. खालच्या ओळीत डावीकडे हाय स्कोअर, उजवीकडे चालू स्कोअर, आणि दोन्ही आकडे अगदी सारखे. मॅनिक मायनरमध्ये हे होत नाही. तुम्ही जुना विक्रम कितीही मागे टाका, डावीकडचा आकडा हलत नाही. शेवटचा जीव जाऊन डाव संपला की मगच गेम दोन्ही आकडे ताडून पाहतो आणि नवा विक्रम डावीकडे लिहितो. म्हणजे विली उभा असताना दोन्ही सारखे दिसायचे तर आधीचा विक्रम नेमका त्याच आकड्याचा हवा. या पठ्ठ्याने चित्र रंगवताना दोन्हीकडे तोच आकडा चिकटवला. जास्त ऐट येईल म्हणून असेल.

मग आम्ही बाकीचंही पाहिलं. फोटो स्कोअरच्या ओळीखाली कापलेला होता. त्याचे सगळेच फोटो तसे. त्या ओळीच्या खाली उरलेले जीव म्हणून छोटे छोटे विली नाचत असतात, आणि कुणी ६०३१७६९ हा प्रसिद्ध आकडा टाइप करून फसवी सोय चालू केली असेल तर त्यांच्या शेजारी एक बूट दिसतो. तो बूट लपवायचा तर फोटो तिथेच कापावा लागतो. पोकने, म्हणजे मेमरीतला आकडा बदलणाऱ्या आज्ञेने, अमर जीव घेतले असतील (३५१३६ या पत्त्यावर शून्य टाकायचं, हे तेव्हा शाळकरी पोरांनाही तोंडपाठ होतं) तर बूट दिसत नाही, पण मग जिवांची संख्या स्कोअरशी जुळत नाही, कारण दर दहा हजारांना एक जीव वाढतो आणि कमी एकही होत नाही. दोन्ही खुणा कापलेल्या भागातच. शिवाय चित्र फारच स्वच्छ होतं. खऱ्या काचेच्या टीव्हीचा मोबाइलने फोटो काढला की त्यावर आडवे काळे पट्टे येतात, कडा फुगतात. इथे एम्युलेटरची चौकट जराशी तिरकी केलेली.

वेगवेगळ्या लोकांशी झालेले त्याचे चॅट शेजारी ठेवल्यावर तर हसावं की रडावं कळेना. एकाला त्याने सांगितलं होतं की 'जेट सेट विली' हा मॅनिक मायनरचा पुढचा गेम मूळ टेपवर, एकही पोक न वापरता, ८३ च्या ८३ वस्तू गोळा करून पूर्ण केला. १९८४ ची ती पहिली आवृत्ती पूर्ण होतच नाही. पोटमाळ्याच्या खोलीत शिरलं की गेमची मेमरी बिघडते आणि दुसऱ्या खोल्या खेळण्याच्या लायकीच्या राहत नाहीत. कंपनीने आधी तेच गेमचं वैशिष्ट्य म्हणून सांगून पाहिलं, आणि नंतर दुरुस्तीचे पोक दिले. आणखी एकाने व्यवहाराआधी व्हिडिओ कॉलवर मशीन चालू करून स्वतःचं नाव पडद्यावर छापून दाखवायला सांगितलं होतं. कॅमेरा बिघडलाय म्हणून याने नुसता आवाजावर कारभार केला: "थांबा हं, पी... आर... आय... एन... टी..." रबरी कळांच्या स्पेक्ट्रमवर एकेक अक्षर टाइप करून 'प्रिंट' ही पडद्यावर छापायची आज्ञा लिहीत नाहीत. पी दाबला की अख्खा शब्द उमटतो. ज्याने ती मशीन आठवडाभर जरी वापरली असेल त्याच्या बोटांना हे कळतं. त्या मित्राने तिथेच फोन ठेवला आणि आम्हाला काही सांगितलं नाही, कारण त्यालाही 'ग्रुपवर बोलू नका' सांगितलेलं होतं.

तक्रारीबद्दल. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा आणि लगेच लावा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत बँकेला थोपवता आले तर आले. नंतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार, त्यात यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि त्याचा नंबर. मी चौकीत गेलो तेव्हा समोरच्या हवालदारांनी "गेमचा स्कोअर म्हणजे ऑनलाइन बेटिंग का?" असं विचारलं. त्यांचं काही चुकलं नाही, हल्ली गेम म्हटलं की पैसे लावलेलेच असतात. त्यामुळे तक्रारीत गेम, विक्रम, मॅनिक मायनर यांची पोथी लिहू नका. 'जुन्या वस्तू विकण्याच्या बहाण्याने आगाऊ रक्कम घेऊन फसवणूक' एवढंच लिहा. बाकीचं विचारलं तर सांगा. माझ्या रकमेपैकी थोडी गोठवली गेली आहे, ती हातात कधी पडेल देव जाणे.

यादीचे नियम आता बदलले. एम्युलेटरवरच्या स्कोअरला आरझेडएक्स फाइल सक्तीची, आणि तीही मागे जाऊन चूक पुसता येणार नाही अशी. फ्यूज या एम्युलेटरमध्ये त्यासाठी कॉम्पिटिशन मोड आहे. खऱ्या मशिनवर खेळणाऱ्याने टेप लोड होण्यापासून डाव संपेपर्यंत सलग व्हिडिओ द्यायचा, टीव्ही आणि हात दोन्ही दिसतील असा. लकलक झाली तर झाली. दोन जुने सभासद यावर रागावून गेले, त्यांचा राग समजतो. पण खरेदी-विक्रीसाठी क्रमांक, स्कोअर, जुनी ओळख यातलं काहीही जामीन धरायचं नाही, हे सगळ्यांनी मान्य केलंय, आणि कुणी काय विकतोय ते यापुढे सगळ्यांसमोरच बोलायचं.

तुमच्याकडे कॅनडाला निघालेला, खोक्यासकट ४८के आणि बग-बाइटची कॅसेट 'फक्त तुमच्यासाठी' ठेवलेला कुणी आला असेल, तर पैसे देण्याआधी त्याला व्हिडिओ कॉलवर प्रिंट करायला सांगा. आधीच दिले असतील तर आमच्या तक्रारीला जोडून घ्या म्हणू नका, प्रत्येकाचा व्यवहार क्रमांक वेगळा असतो, स्वतःची तक्रार स्वतः नोंदवा. आमचा तक्रार क्रमांक हवा असेल तर कळवा, त्याचा उल्लेख तुमच्या अर्जात करता येईल.